हजेरीपटातला शुक्रवार : गळतीच्या वाटेवरच्या मुलांसाठी शिक्षकांची तयारी कशी करून घ्यावी

सहावीचा हजेरीपट माझ्यासमोर उघडा होता. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. एका मुलीच्या नावापुढे नऊ ‘गै’, म्हणजे गैरहजर, आणि त्यातले सात शुक्रवारी. वर्गशिक्षिका म्हणाल्या, “हुशार आहे हो, पण आठवडा संपत आला की कंटाळा करते.” मी विचारलं, राहते कुठे? जनता वसाहतीत, पर्वतीच्या उतारावर, अगदी वरच्या अंगाला. मग उलगडा झाला. पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवतात ते बहुतेक वेळा गुरुवारी, आणि शुक्रवारी सकाळी ते येतं उशिरा आणि कमी दाबानं. टेकडीवर तर करंगळीएवढी धार. आई सातलाच सहकारनगरात धुण्याभांड्याला गेलेली. हंडे भरायला घरात राहणार कोण?

मूल एका दिवसात शाळा सोडत नाही. आधी एक वार सुटतो, मग दुपारचे तास सुटतात, मग वही आणणं बंद होतं, आणि पुढे कधीतरी नाव पटावर असतं पण मूल नसतं. हे सगळं हजेरीपटात आधी उमटलेलं असतं. ते वाचायला शिक्षकांना शिकवायचं, आणि वाचल्यावर काय करायचं याचा त्यांच्याकडून प्रत्यक्ष सराव करून घ्यायचा, एवढंच या प्रशिक्षणाचं काम. मी अनेक वर्षं पुण्यातल्या शाळांमधून हे घेत आले आहे. केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक किंवा वस्तीत काम करणाऱ्या संस्थेतले कार्यकर्ते, ज्यांना आपल्या भागात हे घ्यायचं असेल त्यांच्यासाठी ही पद्धत जशी वापरते तशी लिहिते आहे.

आधीची जुळवाजुळव

एका गटात वीस ते पंचवीस शिक्षक, शक्यतो एकाच केंद्रातले, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या एकाच गटातले. प्रत्येक शाळेतून किमान दोघे हवेत आणि मुख्याध्यापक दिवसभर बसलेच पाहिजेत. उद्घाटनाला येऊन नारळ फोडून गेलेले मुख्याध्यापक उपयोगाचे नाहीत, कारण पुढे वेळ, परवानगी आणि पाठिंबा त्यांनीच द्यायचा असतो. जागा सभागृहाची नको, शाळेतला वर्ग घ्या. सहा तासांचा एक पूर्ण दिवस आणि त्यानंतर दीड-दीड तासाच्या तीन बैठका: तीन आठवड्यांनी, दिवाळीच्या सुट्टीनंतर आणि एप्रिलमध्ये. पाठपुराव्याच्या या बैठका आधी ठरत नसतील तर पहिला दिवसही घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. एका दिवसाच्या भाषणानं शिक्षकांच्या डोक्यावर आणखी एक अहवाल चढतो, बाकी काही होत नाही.

वेळ निवडायची ती ऑगस्टची सुरुवात. जून-जुलै मिळून सहा-सात आठवड्यांची हजेरी तोवर हातात आलेली असते, आणि दिवाळी अजून लांब असते. दिवाळी महत्त्वाची, कारण ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर जाणारी कुटुंबं साधारण त्याच सुमारास निघतात आणि काही मुलं सुट्टी संपली तरी परतत नाहीत.

शिक्षकांनी येताना आपल्याच वर्गाच्या हजेरीपटाच्या छायाप्रती आणायच्या. मागच्या वर्षीचे शेवटचे दोन महिनेही आणायचे, ते फार बोलके असतात. नमुन्याचा, दुसऱ्या कुणाचा हजेरीपट चालत नाही. आपल्या वर्गातल्या मुलाचं नाव समोर असलं की माणूस वेगळा विचार करतो. मात्र मोठ्या गटात बोलताना मुलाचं नाव घ्यायचं नाही, “माझ्या वर्गातला एक मुलगा” एवढंच म्हणायचं. हा नियम सकाळीच फळ्यावर लिहून ठेवा.

पहिला अर्धा तास: मन मोकळं होऊ द्या

सुरुवातीला एकच प्रश्न विचारा: मुलं शाळा का सोडतात असं तुम्हाला वाटतं? उत्तरं ठरलेली येतील. पालकांना काळजी नाही. बाप दारू पितो. मोबाइल. अभ्यासात गोडी नाही. यातल्या एकाही वाक्याला लगेच उत्तर देऊ नका. सगळं फळ्याच्या एका बाजूला लिहा आणि दिवसभर तसंच राहू द्या. शिक्षकांवर ऑनलाइन माहिती भरण्याचा, निवडणुकीच्या कामाचा, सर्वेक्षणाचा बोजा आहे, हेही त्यांना बोलू द्या. ते खरंच आहे. जो स्वतःचं ऐकलं जाईल या आशेनं बसलाय, त्याला आधी ऐकून घ्या, मग तो मुलाचं ऐकेल.

हजेरीपट उभा वाचायचा

दिवसाचा सर्वांत मोठा भाग, किमान दीड तास, यावर घालवा. आपण हजेरीपट आडवा वाचतो: या मुलाचे महिन्यात किती दिवस भरले? बेरीज होते, आकडा पोर्टलवर जातो, काम संपलं. शिक्षकांना लाल पेन्सिल द्या आणि तोच कागद उभा वाचायला सांगा. कोणत्या वारी कोण नाही? कुणाची गैरहजेरी एकाच वारावर, एकाच आठवड्यात, एकाच सणाच्या आगेमागे साठते आहे?

मग दोघादोघांनी मिळून त्या खुणांचा अर्थ लावायचा. सोमवार सारखा बुडत असेल तर रविवारी रात्री मूल कामावर असू शकतं, लग्नाच्या हॉलवर वाढप्याचं किंवा भांड्यांचं काम हे नेहमीचं. मुलगी दर महिन्याला तीन-चार दिवस सलग येत नसेल तर आधी शाळेच्या स्वच्छतागृहाला कडी आहे का, पाणी आहे का, ते पाहून या. पहाटे मार्केट यार्डात गाळ्यावर हात लावून येणारा मुलगा रोज पाऊण तास उशिरा येतो आणि दुसऱ्या तासाला झोपतो, त्याच्या नावापुढे एकही ‘गै’ नसतो. मधल्या सुट्टीत पोषण आहार खाऊन घरी जाणाराही कागदावर पूर्ण हजर असतो. म्हणून दुपारच्या हजेरीकडे वेगळं पाहायला शिकवा. चाचणीच्या आदल्या दिवसापासून गैरहजर राहणाऱ्याला बहुधा वाचता येत नाही, आणि ते वर्गासमोर उघडं पडेल याची त्याला धास्ती असते.

इथे एक हिशेब फळ्यावर करून घ्या. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीला वर्षाला किमान २२० दिवस शाळा भरायला हवी, पहिली ते पाचवीला २००. आठवड्याचे सहा दिवस धरले तर २२० दिवस म्हणजे साधारण ३६ आठवडे. जो आठवड्याला फक्त एक दिवस येत नाही, त्याचे वर्षाला ३६ दिवस गेले. म्हणजे दीड महिना शाळा. शिक्षकांना हा आकडा स्वतः काढू द्या, तुम्ही सांगू नका.

त्यानंतर उंबरठे ठरवायचे. आपल्याकडे शासनाच्या व्याख्येत सतत एक महिन्यापेक्षा जास्त गैरहजर राहिलेलं मूल शाळाबाह्य धरलं जातं. तिथपर्यंत थांबलं तर फार उशीर होतो. आमच्या गटात ठरलेलं असं: महिन्यात तीन सुटे दिवस गेले तर मुलाशी एकट्यानं बोलायचं, सलग तीन दिवस गेले तर त्याच दिवशी घरी फोन, सहा दिवस झाले तर घरभेट. तुमच्या शाळेचे आकडे वेगळे असू शकतात, पण ते लिहून कार्यालयात लावलेले असावेत, म्हणजे “बघू, येईल उद्या” असं म्हणायला जागा उरत नाही.

हजेरीत न दिसणाऱ्या खुणांची यादी शिक्षकच चांगली करतात. माझ्या अनुभवात सर्वांत खात्रीची खूण म्हणजे जवळच्या मित्रानं शाळा सोडणं. दुसरी, वर्गापेक्षा वयानं दोन वर्षं मोठं असणं. आणि तिसरी फार हळू येते: भांडणारं, प्रश्न विचारणारं पोर एकाएकी गप्प होतं, आणि आपल्याला वाटतं, बरं झालं, सुधारला.

फोन आणि घरभेट: बोलून बघायचं, वाचून नाही

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत सातवीतल्या एका मुलाच्या वडिलांना मी शाळेत बोलावलं होतं. ते कामावरचे कपडे तसेच घालून, हातावर सिमेंट वाळलेलं, वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. मी सगळ्या वर्गासमोर त्यांना सांगितलं की तुमच्या मुलाचे अकरा दिवस बुडाले आहेत, तुम्हाला घरी काही कळतं की नाही. ते “चुकलं बाई” एवढंच म्हणाले. तो मुलगा त्यानंतर कधीच आला नाही. त्याचा रोजचा बाक दाराजवळचा होता, त्यानं सगळं पाहिलं होतं. अकरा दिवसांचं कारण मी आजही सांगू शकत नाही, कारण मी विचारलंच नव्हतं.

म्हणून हा भाग अभिनयानं घ्या. तिघांचा गट: एक शिक्षक, एक आई किंवा वडील, एक पाहणारा. दहा मिनिटांनी भूमिका बदला. पालक झालेल्या शिक्षकाला एक चिठ्ठी द्या, ‘तुमची रोजंदारी आज बुडाली आहे’ किंवा ‘तुम्हाला मराठी नीट येत नाही’ किंवा ‘मुलीचं लग्न ठरतंय, ते सांगायचं नाही’. पाहणाऱ्यानं एवढंच टिपायचं की शिक्षकाच्या तोंडून ‘का’ हा शब्द किती वेळा आला.

पहिलं वाक्य कसं असावं यावर वेळ घालवा. “का पाठवत नाही शाळेत?” या वाक्यानं दार बंद होतं. “ताई, तीन दिवस दिसला नाही, बरा आहे ना? वर्गात त्याची आठवण निघाली,” या वाक्यानं उघडतं. नंतर शांत बसायचं. शिक्षकांना सर्वांत जड जातं ते हेच, गप्प बसणं.

घरभेटीचे आमचे संकेत थोडक्यात सांगते. एकट्यानं जाऊ नये, दोघांनी जावं, त्यात एक बाई असावी. दिवसभर कामावर असणाऱ्यांकडे संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारी सकाळी. शेजाऱ्यांना “ते शाळेत न येणारं पोर कुठं राहतं?” असं विचारत जाऊ नये. आत बोलावलं तर बसावं, पाणी दिलं तर प्यावं. वही काढून लिहू नये, फोटो काढू नये. व्हॉट्सॲप गटावर टाकायला फोटो मागणाऱ्या वरिष्ठांना हे मुख्याध्यापकांनीच सांगायचं. आपल्या हातात नाही ते कबूल करू नये. आणि निघताना एकच छोटी गोष्ट ठरवून निघावी: “सोमवारी प्रार्थनेच्या वेळी मी फाटकापाशी उभी असेन.” मग सोमवारी खरंच उभं राहावं.

कारण कळल्यावर काय?

इथे मोठा कागद घेऊन प्रत्येक कारणासमोर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: मी उद्या काय करू शकते, शाळा काय करू शकते, बाहेर कुणाकडे जायचं. शुक्रवारच्या त्या मुलीच्या बाईंनी काय केलं पाहा. नळ त्यांच्या हातात नव्हता. त्यांनी शुक्रवारी पहिल्या तासाला नवा पाठ घेणं थांबवलं, उशिरा आली तरी आत घ्यायचं असं फाटकावरच्या शिपाईमामांना सांगितलं, आणि त्याच गल्लीतल्या दोन मैत्रिणींना हंडे भरायला तिच्या सोबतीला दिलं. साडेआठपर्यंत तिघी मिळून येऊ लागल्या.

धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहणाऱ्या मुलीसाठी जवळच्या अंगणवाडीची वेळ आणि आपली वेळ जुळते का ते पाहावं लागतं. बांधकामावरच्या मुलांचं दुखणं वेगळं. वाघोली, उंड्री, हिंजवडीकडे इमारत पूर्ण झाली की कुटुंब दुसऱ्या साइटवर हलतं, शाळेला पत्ताही नसतो. म्हणून अशा कुटुंबांकडून दोन फोन नंबर आणि मुकादमाचं नाव प्रवेशाच्या वेळीच घ्या. जिल्हा सोडून जाणार असतील तर शिक्षण हमी कार्ड भरून मुलाच्या हातात द्या, म्हणजे पुढच्या गावी त्याला तिथल्या शाळेत बसता येतं. कन्नड, तेलुगू किंवा हिंदी बोलणारं मूल मराठी वर्गात गप्प बसतं, आणि आपण त्याला कच्चं ठरवतो. त्याच्या भाषेतले वीस शब्द शिक्षकानं शिकून घेतले तरी मूल मान वर करून बघायला लागतं.

आई किंवा वडील नाहीत, किंवा एकच पालक आहे, अशा मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. तिची माहिती महिला व बालविकास विभागाच्या जिल्हा कार्यालयातून मिळते, आणि अर्ज भरायला शाळेनंच मदत करावी लागते. मुलाला मारहाण, मजुरी, बालविवाह यांचा संशय आला तर १०९८ हा चोवीस तास चालणारा, विनाशुल्क क्रमांक. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. “शाळेचं नाव खराब होईल” म्हणून गप्प बसणं हा गुन्हा आहे, हे मुख्याध्यापकांकडे बघून, स्पष्ट शब्दांत सांगा.

कायद्याचा तास लहान ठेवा, पण नेमका

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली इंग्रज सरकारनं शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा असं सांगितलं. तो मुलांचा मूलभूत हक्क व्हायला २००२ ची ८६ वी घटनादुरुस्ती आणि २००९ चा शिक्षण हक्क कायदा यावा लागला. शिक्षकांना सगळी कलमं नकोत, पाच पुरतात. कलम ४: कधीच शाळेत न गेलेल्या किंवा शाळा सुटलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण. कलम ५: दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क, दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. कलम १४: वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम १७: शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी. कलम २१: शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक.

या समितीचा उपयोग फार कमी शाळा करतात. वस्तीतली एक जाणती आई जे काम एका फेरीत करते ते आपल्या पाच पत्रांनी होत नाही. गैरहजर मुलांचा विषय दर बैठकीत पहिला ठेवा, इमारतीच्या रंगाचा नंतर.

२०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली आहे. फेरपरीक्षेतही उत्तीर्ण न झालेलं मूल त्याच वर्गात राहतं. म्हणून या दोन वर्गांच्या शिक्षकांना वेगळं बसवून फेब्रुवारीपर्यंत कुणाला काय येत नाही याची यादी करायला लावा. मागे राहिलेल्या मुलाचे मित्र पुढे जातात, आणि जूनमध्ये ते मूल फाटकापर्यंतही येत नाही.

परत आलेल्या मुलाचा पहिला दिवस

सगळी धडपड इथे वाया जाऊ शकते. “या साहेब, आठवण आली का शाळेची?” हे वाक्य मी किती वर्गांत ऐकलं असेल. बोलणाऱ्याला ती थट्टा वाटते. मूल मात्र मान खाली घालतं आणि दुसऱ्या दिवशी येत नाही. प्रशिक्षणात हे वाक्य मोठ्यानं म्हणून दाखवा आणि शिक्षकांना विचारा, तुम्ही पंधरा दिवस आजारपणानं गेला नव्हता आणि साहेबांनी सगळ्यांसमोर असं म्हटलं तर?

त्या दिवशी करायचं ते साधं आहे. हजेरी घेताना नेहमीच्याच सुरात नाव घ्यायचं. बाक जागेवर ठेवलेला असावा. बुडालेला अभ्यास एकदम डोक्यावर टाकायचा नाही; एका मित्राला दोन वह्या द्यायला सांगायचं. पहिल्या दोन दिवसांत त्याला नक्की जमेल असं एक काम द्यायचं, पाणी भरण्याचं किंवा झाडण्याचं नव्हे, तर फळ्यावर येऊन गणित सोडवण्याचं, चित्र काढण्याचं, गोष्ट सांगण्याचं. आणि वाचनाची पातळी गुपचूप, एकट्यात तपासायची. सातवीतल्या मुलाला दुसरीचा मजकूर वाचायला द्यावा लागला तर त्यावरचं ‘इयत्ता दुसरी’ झाकून द्या.

आठवीनंतरची फट

पुण्यात महापालिकेच्या बऱ्याच शाळा सातवी किंवा आठवीला संपतात. दाखला दिला, जनरल रजिस्टरला नोंद झाली, शाळेच्या दृष्टीनं मूल ‘गेलं’. पण कुठे गेलं? दाखला दिला म्हणजे पुढे प्रवेश झाला असं नव्हे. मी कितीतरी दाखले घरी पिशवीत तसेच पडलेले पाहिले आहेत. कायद्याचं संरक्षण चौदा वर्षांपर्यंत किंवा आठवीपर्यंत. नंतर फी, गणवेश, बसचं भाडं, आणि मुलीच्या बाबतीत लांबच्या रस्त्याची भीती. म्हणून आठवीच्या वर्गशिक्षकाचं काम जूनअखेरपर्यंत धरा: प्रत्येक मुलाच्या नावापुढे नव्या शाळेचं नाव आणि तिथे प्रत्यक्ष बसल्याची खात्री. एप्रिलमध्येच जवळच्या माध्यमिक शाळेत मुलांना एकदा घेऊन जा, तिथल्या एका शिक्षकाची ओळख करून द्या.

शाळा सुटून दोन-तीन वर्षं झालेल्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येतं, मुक्त विद्यालयाचाही मार्ग आहे. हे सांगावं, पण नियमित वर्गात बसू शकणाऱ्या मुलाला हा सोपा रस्ता म्हणून दाखवू नये.

दुपारी चार वाजता आणि पुढच्या तीन बैठका

दिवस संपताना सकाळचा फळा परत वाचा. काय खोडायचं, काय राहू द्यायचं ते शिक्षकच ठरवतील. माझ्या गटांत “पालकांना काळजी नाही” हे वाक्य बहुतेक वेळा कुणीतरी स्वतःहून उठून पुसतं. “बाप दारू पितो” राहतं, आणि राहू द्यावं, कारण काही घरांत ते खरं असतं. मग प्रत्येकानं आपल्या वर्गातली तीन मुलं निवडायची. दहा नको, तीनच. प्रत्येकासाठी येत्या आठवड्यात करायची एक गोष्ट, तारखेसह.

शाळेत परतल्यावर दर शनिवारी शाळा सुटल्यावर वीस मिनिटं मुख्याध्यापकांसोबत फक्त या मुलांवर बोलायचं, दुसरा विषय नाही. तीन आठवड्यांनी पहिली पाठपुरावा बैठक: सगळे आपला नवा हजेरीपट घेऊन येतात, तो पुन्हा उभा वाचतात. जिथं जमलं नाही ते आधी ऐकायचं. दिवाळीनंतरच्या बैठकीत न परतलेल्या मुलांची नावं आणि त्यांच्या कुटुंबांचे ठावठिकाणे. एप्रिलच्या बैठकीत प्रत्येक शिक्षक एक पान लिहितो: या मुलाला काय चालतं, काय खुपतं, घरी कुणाशी बोलायचं, कोणत्या वारी लक्ष ठेवायचं. ते पान पुढच्या वर्षीच्या वर्गशिक्षकाच्या हातात, बसून, समजावून द्यायचं. फाइलला लावायचं नाही, घरातली खाजगी गोष्ट त्यात लिहायची नाही.

शुक्रवारच्या मुलीचं पान बाईंनी माझ्यासमोर लिहिलं. ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांत तिचे चार शुक्रवार बुडाले होते. सातवीच्या सरांसाठी त्यांनी खाली एक ओळ जास्तीची घातली: ‘गुरुवारी पाणी बंद आहे का ते बुधवारीच बघून ठेवा.’